सहीचे पान, झाकलेले नाव

बी.एड. करीत असताना शनिवारी दुपारी मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर जुनी पुस्तके चाळण्याची मला सवय लागली. एकदा तिथे कॅरोलाइन नॅप या अमेरिकन लेखिकेचे 'ड्रिंकिंग : अ लव्ह स्टोरी' हे पुस्तक हाती आले. किंमत विचारली तर विक्रेता म्हणाला, "सौ रुपये, मॅडम. इसमें राइटर का साइन है." पहिल्या कोऱ्या पानावर निळ्या शाईत तीन ओळी होत्या खऱ्या, पण त्या लेखिकेच्या नव्हत्या. कुणीतरी कुणाला तरी लिहिले होते, की मला आज सहा महिने झाले, तुलाही जमेल, वाचून झाले की पुढे दे. खाली नाव नव्हते. 'आर' एवढे एकच अक्षर होते. ही लेखिकेची सही नाही, हे विक्रेत्याला समजावून साठ रुपयांत मी ते पुस्तक घरी आणले.

सही नसल्यामुळे पुस्तकाचे मोल कमी झाले, असे मला तेव्हा वाटले होते. पुढे या प्रकारची आणखी काही आत्मकथने वाचली, ती जमवणाऱ्या संग्राहकांविषयी वाचले, आणि हे मत हळूहळू बदलत गेले. दारूच्या व्यसनातून बाहेर पडलेल्या माणसांनी लिहिलेली आत्मकथने आणि त्यांवरच्या सह्या, हा या लेखाचा विषय आहे. विषय मुख्यतः अमेरिकेतला आहे. मुसलमान लेखकांच्या वार्षिकात दारूची चर्चा कशाला, असेही कुणी विचारील. त्या प्रश्नाकडे मी शेवटी येणार आहे. किंबहुना त्या प्रश्नासाठीच हा लेख लिहीत आहे.

संग्राहक काय शोधतात?

दुर्मीळ पुस्तकांच्या बाजारात सह्यांची प्रतवारी असते. नुसती सही असलेली प्रत ही पहिली पायरी. कुणाच्या तरी नावाने दोन-चार शब्द लिहून केलेली सही ही दुसरी. आणि ज्याला पुस्तक दिले तो माणूस लेखकाच्या आयुष्यात किंवा त्या पुस्तकातच महत्त्वाचा असेल, तर ती प्रत सर्वांत मोलाची. त्यात पुस्तक पहिल्या आवृत्तीच्या पहिल्या छपाईचे असावे, मूळचे कागदी वेष्टन शाबूत असावे, अशा अपेक्षा असतात.

व्यसनमुक्तीच्या पुस्तकांत ज्या एका पुस्तकाभोवती संग्राहकांची सर्वाधिक धावपळ चालते, ते म्हणजे 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस'. हे एका संघटनेचेही नाव आहे आणि पुस्तकाचेही. १९३५ मध्ये ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन शहरात न्यूयॉर्कचा एक शेअर दलाल आणि तिथलाच एक शल्यचिकित्सक एकमेकांना भेटले. दोघेही पिणारे. एका दारुड्याने दुसऱ्या दारुड्याशी मोकळेपणाने बोलले तर दोघांचाही त्या दिवसाचा पेला टळतो, हे त्यांच्या ध्यानात आले. यातून ही संघटना उभी राहिली. जगात ते दोघे 'बिल डब्ल्यू.' आणि 'डॉ. बॉब' या अर्ध्या नावांनीच ओळखले गेले.

पुस्तक १० एप्रिल १९३९ रोजी निघाले. किंमत साडेतीन डॉलर. मंदीच्या काळात ही रक्कम लहान नव्हती. घेणाऱ्याला पैसे वसूल झाल्यासारखे वाटावे म्हणून मुद्दाम जाड कागद वापरला, आणि त्या जाडीमुळे त्याला 'बिग बुक' हे टोपणनाव पडले. पहिल्या छपाईची बांधणी लाल होती, पुढच्या छपाया प्रामुख्याने निळ्या. म्हणून संग्राहक 'लाल प्रत' शोधत असतात. सुरुवातीला हे पुस्तक फारसे खपले नाही. १ मार्च १९४१ रोजी 'सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट' या साप्ताहिकात संघटनेवर मोठा लेख आला, मागणी वाढली, आणि दुसरी छपाई त्याच वर्षी करावी लागली. डॉ. बॉब १९५० मध्ये वारले, बिल १९७१ मध्ये. त्यामुळे दोघांच्या सह्या एकत्र असलेली प्रत फारच दुर्मीळ.

हा केवळ हौशी लोकांचा छंदही राहिलेला नाही. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या जॉन हे ग्रंथालयात चेस्टर कर्क यांच्या नावाने या विषयाचा हजारो नगांचा संग्रह आहे. त्याचा गाभा एका ग्रंथविक्रेत्याने वर्षानुवर्षे जमवलेला होता. एकेकाळी लाजेखातर घरात लपवून ठेवली जाणारी पुस्तके आज विद्यापीठाच्या कपाटात जपली जातात, ही गोष्ट मला छोटी वाटत नाही.

निनावी पुस्तकावरची सही

परंतु इथेच एक पेच उभा राहतो. ज्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर लेखकाचे नावच नाही, त्यावर सही कुणाची शोधायची? पुस्तकाची मुख्य प्रकरणे बिलने लिहिली. पण त्याचे नाव शीर्षकपृष्ठावर नाही. दुसऱ्या भागात सभासदांनी सांगितलेल्या आपापल्या हकिकती आहेत, त्याही निनावी. नाव न सांगणे हा पुढे संघटनेचा नियमच झाला. वृत्तपत्र, आकाशवाणी आणि चित्रपट यांच्यापुढे सभासदाने आपले पूर्ण नाव येऊ देऊ नये, असे ठरले. १९५४ मध्ये येल विद्यापीठ बिलला सन्माननीय पदवी द्यायला निघाले होते. त्याने ती याच कारणासाठी नाकारली.

मग त्याने प्रतींवर सह्या कशा केल्या? यात विसंगती नाही, असे मला वाटते. बैठकीत समोर बसलेल्या माणसाला तो स्वतःचे नाव सांगत होताच. त्या माणसाच्या पुस्तकावर लिहिणे हा त्याचाच पुढचा भाग होता. ही सही म्हणजे एका माणसाने दुसऱ्याला दिलेली साक्ष होती. तीच प्रत दोघांच्या मृत्यूनंतर लिलावात येते, तिचे छायाचित्र सूचीत छापले जाते, आणि ज्याच्या नावाने ती लिहिलेली आहे त्याचे व्यसन जगजाहीर होते. अशा प्रतींच्या कोऱ्या पानांवर पुष्कळदा गटातल्या इतर सोबत्यांचीही नावे आणि फोन नंबर लिहिलेले असतात; प्यायची इच्छा अनावर झाली तर फोन कर, या अर्थाने. संग्राहकाच्या दृष्टीने हा दुर्मीळ ऐवज, लिहिणाऱ्यांच्या दृष्टीने विश्वासाने दिलेली ठेव. आपल्याकडच्या शब्दांत सांगायचे तर ती अमानत होती.

या पेचाचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे पुस्तकाची मूळ टंकलिखित प्रत. छपाईपूर्वी तिच्यावर अनेकांच्या हातांनी दुरुस्त्या झाल्या. ही प्रत २००४ मध्ये न्यूयॉर्कला सदबीजच्या लिलावात पंधरा लाख डॉलरहून अधिक किमतीला गेली. २०१७ मध्ये ती पुन्हा विक्रीला निघाली, तेव्हा संघटनेने मालकीचा दावा केला. तो वाद मिटून २०१८ मध्ये लिलाव झाला, आणि फुटबॉल संघाचे मालक जिम अर्से यांनी ती २४ लाख डॉलरना घेतली. अर्से हे स्वतः व्यसनाशी झगडलेले होते आणि ते उघडपणे सांगतही असत. २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. पैशाने घेतलेल्या या प्रतीमागे निव्वळ गुंतवणूक नव्हती, एवढे तरी मान्य करावे लागेल.

मात्र वाचकाच्या दृष्टीने त्या प्रतीतली खरी दौलत कुणालाही मिळू शकते, कारण तिची हुबेहूब छायाप्रत २०१० मध्ये पुस्तकरूपाने निघाली आहे. समीक्षकाने पाहण्याजोगे आहे ते तिथे. समासांत वेगवेगळ्या हस्ताक्षरांत भांडण चालले आहे. कुणाला देवाचे नाव अधिक हवे, कुणाला अजिबात नको. त्यातून ज्याला जसा उमजेल तसा देव, अशी सर्वांना चालणारी वाट निघाली. त्याहून मोठा बदल भाषेचा. आधीच्या मसुद्यात अनेक जागी 'तुम्ही असे केलेच पाहिजे' असा आदेशाचा सूर होता. तो खाली आणून 'आम्ही असे केले' असा करण्यात आला. एका मानसोपचारतज्ज्ञाने हा सल्ला दिला होता आणि लिहिणाऱ्यांनी तो मानला.

'तुम्ही' खोडून 'आम्ही' लिहिणे, ही माझ्या मते त्या पुस्तकाची खरी सही आहे. ती कुणा एकाची नाही, आणि म्हणूनच ती टिकली.

ज्यांनी नावानिशी लिहिले

अर्थात नावानिशी लिहिणाऱ्यांची परंपराही मोठी आहे, आणि सह्यांचा बाजार मुख्यतः तिच्यावरच चालतो. तिची सुरुवात म्हणून जॅक लंडनच्या 'जॉन बार्लीकॉर्न' (१९१३) कडे बोट दाखवतात. दारूबंदीवाल्यांनी हे पुस्तक डोक्यावर घेतले. पण ते मुक्तीचे पुस्तक नाही. आपण दारूचे गुलाम नाही, असेच लेखक शेवटपर्यंत सांगत राहतो आणि पीत राहण्याचे ठरवतो. तीन वर्षांनी, चाळिसाव्या वर्षी, तो वारला. विल्यम सीब्रूकने 'असायलम' (१९३५) मध्ये दारू सुटावी म्हणून स्वतःहून मनोरुग्णालयात काढलेल्या महिन्यांची हकिकत लिहिली. पुस्तक विलक्षण प्रामाणिक आहे. पण पुढे तो पुन्हा पिऊ लागला आणि १९४५ मध्ये त्याने आत्महत्या केली. 'बिग बुक'च्या पहिल्या आवृत्तीत ज्यांनी आपल्या हकिकती दिल्या होत्या, त्यांच्यापैकीही काही जण पुन्हा दारूकडे वळले.

यावरून ही पुस्तके खोटी ठरतात काय? मला तसे वाटत नाही. आत्मकथनाला शेवटचे पान असते, व्यसनमुक्तीला नसते. लेखक सही करतो त्या दिवशी तो शुद्धीवर असतो, एवढीच ग्वाही सही देते. ती सनद नसते, तारीख असते. माझ्या प्रतीवरच्या 'आर'ने 'मी सुटलो' असे लिहिले नव्हते, 'सहा महिने झाले' एवढेच लिहिले होते. अनुभवी लोक असेच बोलतात.

नव्या पुस्तकांपैकी दोन मला विशेष महत्त्वाची वाटतात. पीट हॅमिल या न्यूयॉर्कच्या पत्रकाराचे 'अ ड्रिंकिंग लाइफ' (१९९४) हे ब्रुकलिनमधल्या आयरिश मजूरवस्तीचे चित्र आहे. तिथे दारू म्हणजे मर्दानगी, दोस्ती आणि बापाजवळ जाण्याची एकमेव वाट. १९७२ च्या शेवटच्या रात्री हॅमिलने पेला खाली ठेवला. पण या घटनेला पुस्तकात अगदी थोडी पाने मिळतात. काही वाचकांना हे अपुरे वाटेल. मला ते योग्य वाटले. सोडण्याचा क्षण नाट्यमय नसतोच. त्यामागची तीस-पस्तीस वर्षे समजली, तरच तो क्षण समजतो.

कॅरोलाइन नॅपचे पुस्तक (१९९६) याच्या उलट आहे. वडील मनोविश्लेषक, घरात सुबत्ता, स्वतः चांगल्या वृत्तपत्रात स्तंभलेखिका, काम वेळेवर पूर्ण. बाहेरून कुणाला संशयही येऊ नये. दारूशी असलेले नाते ती प्रेमप्रकरणासारखे सांगते : लपवाछपवी, वचने, मत्सर, तुटण्याची भीती. मैत्रिणीच्या दोन लहान मुलींना अंगावर घेऊन नशेत धावताना ती पडते, तो प्रसंग वाचताना कोणत्याही शिक्षिकेचा जीव खालीवर होईल. नॅप २००२ मध्ये बेचाळिसाव्या वर्षी फुप्फुसाच्या कर्करोगाने गेली. तिच्या पुस्तकाची उणीव एवढीच, की प्रेमकथेचे रूपक कधी कधी फार सुबक होते आणि दुर्गंधी झाकली जाते. तरीही स्त्रीचे पिणे हे स्वैराचाराचे लक्षण नसून आजार असू शकतो, हे तिने ज्या शांतपणे मांडले त्याला तोड नाही.

आणि मग जेम्स फ्राय. त्याचे 'अ मिलियन लिटल पीसेस' २००३ मध्ये आले, २००५ मध्ये ओप्रा विन्फ्रीच्या दूरदर्शनवरील ग्रंथमंडळाने ते निवडले, आणि लाखो प्रती खपल्या. जानेवारी २००६ मध्ये एका संकेतस्थळाने कागदपत्रांनिशी दाखवून दिले, की त्यातले कित्येक प्रसंग बनावट आहेत. जवळजवळ तीन महिन्यांचा तुरुंगवास म्हणून सांगितलेला भाग प्रत्यक्षात काही तासांचा होता. प्रकाशकाला वाचकांचे पैसे परत द्यावे लागले. त्यासाठी बांधीव प्रत असलेल्या वाचकाने १६३ वे पान फाडून पाठवायचे होते. फ्रायची सही असलेल्या प्रती संग्राहकांकडे असतीलच. ती सही अस्सल आहे, मजकूर नाही. हात कुणाचा ते सही सांगते. तो हात खरे लिहितो की नाही, हे तिला माहीत नसते. विशेष हे, की फ्रायने स्वतःला लहान नव्हे, मोठे करण्यासाठी खोटे लिहिले : अधिक भयंकर, अधिक निर्ढावलेला, म्हणून अधिक विक्रीयोग्य. नाव मोठे करायचे असेल तर पापही मोठे करावे लागते. निनावी लिहिणाऱ्याला हा मोह नसतो, कारण त्याच्या थापांचा फायदा घ्यायला मुखपृष्ठावर कुणी नसतेच.

आपल्याकडे काय आहे?

मी उर्दू माध्यमात शिकवते. नववी-दहावीला गजल शिकवताना मयखाना, साकी, जाम, रिंद हे शब्द टाळता येत नाहीत. मुले हसतात, मी सांगते की ही रूपके आहेत. ते खरेही आहे. रियाज खैराबादी (१८५३–१९३४) यांनी आयुष्यभर मदिरेवर शायरी केली आणि स्वतः कधी थेंब घेतला नाही, हे उर्दू वाचकांना ठाऊक आहे. पण रूपकाच्या बाहेरही एक दारू आहे. १९५५ च्या जानेवारीत मंटो लाहोरला गेले, वय ४२. दारूपायी त्यांना आधी मनोरुग्णालयातही ठेवावे लागले होते. त्याच वर्षी डिसेंबरात मजाज लखनौला गेले, वय ४४. योगायोग असा, की 'बिग बुक'ची सुधारून वाढवलेली दुसरी आवृत्ती त्याच १९५५ साली निघाली. तिथे सुटलेल्या माणसांच्या नव्या हकिकती छापल्या जात होत्या. इथे आपण दोन मोठ्या लेखकांच्या मरणाभोवती लतिफे आणि दंतकथा रचत होतो.

सुटलेला माणूस आपल्याकडे नव्हता असे नाही. जिगर मुरादाबादी (१८९०–१९६०) यांचे पिणे जितके गाजले, तितकीच त्यांची तौबाही. त्यांनी दारू सोडली, शायरी सोडली नाही, आणि १९५८ मध्ये 'आतिश-ए-गुल'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पण ती तौबा आपल्याला इतरांच्या आठवणींतून कळते. सोडल्यानंतरच्या पहिल्या रात्री कशा गेल्या, मुशायऱ्यात पेला पुढे आला तेव्हा हात कसा आवरला, हे जिगर स्वतः सांगत नाहीत. जुन्या सूफी चरित्रांतही हेच. बिश्र हाफी यांची हकिकत आपण लहानपणी ऐकतो : नशेत चालताना अल्लाहचे नाव लिहिलेला कागद धुळीत दिसला, तो उचलून त्यांनी अत्तर लावून जपला, आणि आयुष्य पालटले. ती चमत्काराची गोष्ट आहे, दुसऱ्याने सांगितलेली, आणि ती एका क्षणात संपते. खऱ्या माणसाला रोज सकाळी नव्याने सोडावे लागते.

मराठीत परिस्थिती थोडी बरी आहे. दलित आत्मकथनांनी घरातली दारू झाकली नाही. १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण सुरू झाले. अनिल अवचटांच्या लेखनामुळे व्यसनी माणूस हा मध्यमवर्गीय वाचकाला माणूस म्हणून दिसू लागला. तुषार नातू यांनी 'नशायात्रा' स्वतःच्या नावानिशी लिहिली. आणि शाहीर अमर शेख यांच्या कन्या मलिका अमर शेख यांचे 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' (१९८४) विसरता येत नाही. ते पिणाऱ्याचे नव्हे, त्याच्या घरातल्या बाईचे आत्मकथन आहे. अनेक वर्षे ते बाजारात मिळत नव्हते. त्याची पहिली आवृत्ती मिळाली, तर तिच्यावर सही असो वा नसो, मी ती जपून ठेवीन.

परंतु मराठी मुसलमानाने, पुरुषाने वा बाईने, 'मी पीत होतो आणि असा थांबलो' असे सांगणारे पुस्तक माझ्या वाचनात नाही. कारण उघड आहे. आपल्याकडे दारू हराम आहे. म्हणून दारुडा असूच शकत नाही, असे आपण गृहीत धरतो. जो असतो तो घरात झाकला जातो.

मामूंची वही

माझे एक मामू चाळिशीत गेले. मयतीला आलेल्या लोकांना कावीळ झाल्याचे सांगितले गेले. मी तेव्हा सातवीत होते आणि पुढे कित्येक वर्षे मीही कावीळच सांगत आले. नंतर अम्मींनी सांगितले, की शेवटच्या वर्षी मामूंनी एक वही केली होती. ज्या दिवशी घेतली नाही त्या दिवशी उर्दूत तारीख आणि खाली दोन-तीन ओळी. कधी सलग वीस दिवस, मग खाडा, मग पुन्हा पहिल्या दिवसापासून. वही कुणाच्या हाती लागू नये म्हणून नानींनी ती नदीत ठंडी केली. कागदावर अल्लाहचे नाव होते, म्हणून जाळली नाही, एवढेच.

नानींना मी दोष देत नाही. त्यांनी पर्दापोशी केली. दुसऱ्याचे ऐब झाकावे, आणि अल्लाहने आपले पाप झाकले असता आपणच ते चव्हाट्यावर मांडू नये, ही आपल्या दीनची शिकवण आहे. व्यसनमुक्तीच्या आत्मकथनाविरुद्ध आपल्याकडचा सर्वांत बळकट आक्षेप हाच असेल, आणि तो मी गंभीरपणे घेते. फ्रायसारखा पापाचा बाजार मांडणे आपल्याला मानवणार नाही, मानवू नयेही.

पण पर्दापोशी नावाची करायची की अनुभवाची? नानींनी दोन्हींची केली. मामूंचे नाव वाचले आणि त्यांची मेहनत वाहून गेली. सलग वीस दिवस न पिणे ही काय चीज असते, हे त्यांच्या मागून त्याच वाटेने जाणाऱ्या कुणाला कळले असते, तर ते पुण्य मामूंच्या खात्यात गेले असते. १९३९ च्या त्या लाल पुस्तकाने नेमकी हीच फोड केली होती : नाव झाका, गोष्ट सांगा. ही वाट पर्दापोशीच्या विरुद्ध जात नाही. उलट पर्दापोशी आणि शहादत, झाकणे आणि साक्ष देणे, या दोन्ही गोष्टी तिच्यात एकत्र नांदतात.

दुसरी गोष्ट 'तुम्ही' आणि 'आम्ही'ची. दारूविषयी आपल्याकडे बोलले जात नाही असे नाही. वाजमध्ये, जुम्याच्या तकरीरीत बोलले जाते. पण ते नेहमी 'तुम्ही'च्या भाषेत, वरून खाली. हराम आहे हे मामूंना ठाऊक नव्हते काय? ते नमाजी होते. त्यांना हुकूम नको होता, सोबत हवी होती. हदीसमध्ये एका माणसाचा उल्लेख आहे, ज्याला दारूच्या गुन्ह्यासाठी पुन्हा पुन्हा आणले जाई. कुणीतरी त्याला शाप दिला, तेव्हा पैगंबरांनी त्या शाप देणाऱ्याला रोखले. हा माणूस अल्लाहवर आणि त्याच्या रसूलवर प्रेम करतो, असे सांगितले. शिक्षा झाली, पण त्याला जमातीबाहेर काढले नाही. 'आम्ही' या शब्दाला आपल्या परंपरेत यापेक्षा मोठा आधार कोणता हवा?

संग्राहकांना मी नावे ठेवणार नाही. त्यांनी जमवले नसते, तर यातली निम्मी पुस्तके रद्दीत गेली असती, हे मामूंच्या वहीवरून मला कळते. जपणारा कुणीतरी असावाच लागतो. पण आपल्याला आधी जपण्यासारखे काही लिहवून घ्यावे लागेल. म्हणून या वार्षिकाच्या संपादक मंडळापुढे एक सूचना ठेवते. दरवर्षीच्या अंकात चार पाने अशा लेखनासाठी राखून ठेवावीत. पिणाऱ्याने लिहावे, सोडलेल्याने लिहावे, पुन्हा घसरलेल्यानेही लिहावे. त्याच्या बायकोने, बहिणीने, मुलीने लिहावे. मराठीत लिहावे, किंवा उर्दूत लिहून द्यावे; मराठी करून द्यायचे काम मी करीन. लेखक कोण हे संपादकांनी फक्त स्वतःपाशी ठेवावे. खाली नाव छापू नये. फार तर एक अक्षर, आणि किती दिवस झाले तो आकडा.

फाउंटनवर घेतलेली माझी प्रत आता माझ्याकडे नाही. पहिल्या पानावरच्या 'आर'च्या तीन ओळींखाली तारीख टाकून मी ती एका घरी पोहोचती केली आहे. सही केलेली नाही.